मुकादम बाईच हवी

1 जानेवारी 1877 रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. जमशेटजी टाटांनी तिचा कारभार बेझनजी मेहतांकडे सोपवला. मेहता रेल्वेतले, कापडधंदा त्यांना नवा. माणूस पारखण्याच्या टाटांच्या या दृष्टीला कामगारांविषयीच्या कळकळीची जोडही होती. गिरणीत 1886 मध्ये पेन्शन फंड आणि 1901 मध्ये प्रॉव्हिडंट फंड सुरू झाला. भविष्य निर्वाह निधीचा कायदा यायला पुढे 1952 साल उजाडले.

पण मालक कितीही भला असला, तरी कामगाराचा दिवस जातो मुकादमाच्या हाताखाली. आणि साच्यांच्या मधून जातही फिरत होती. मुंबईच्या गिरण्यांत विणकर धोट्यातला धागा तोंडाने ओढून घेत, म्हणून अस्पृश्यांना विणकाम खात्यात शिरकाव नव्हता. चांगली मजुरी मात्र त्याच खात्यात. कम्युनिस्टांच्या लाल बावट्याखाली एक झालेल्या कामगारांतही ही भिंत उभीच होती. 1928 च्या गिरणी संपात डॉ. आंबेडकरांनी तिच्यावर बोट ठेवले.

नागपुरात कामगारांच्या हक्कांची गोष्ट बायकांनी पुढे नेली. गिरणीत राबलेल्या राधाबाई कांबळे कामगार पुढारी झाल्या आणि 1929 मध्ये नेमलेल्या शाही कामगार आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. 1930 मध्ये मध्य प्रांतात प्रसूती लाभाचा कायदा झाला.

20 जुलै 1942 रोजी, सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली, नागपुरात दलित महिला परिषद भरली. हजारो स्त्रिया आल्या. गिरणीकामगार बायकांसाठी त्यांनी ठराव केले: वर्षाला 21 दिवसांची किरकोळ रजा, एक महिन्याची हक्काची रजा, इजा झाल्यास भरपाई, 20 वर्षांच्या नोकरीनंतर किमान 15 रुपये पेन्शन. आणखी एक मागणी होती: बायकांच्या कामावर देखरेखीला बाईच नेमावी.

मला ही शेवटची मागणी सर्वांत दूरदृष्टीची वाटते. रजा, भरपाई, पेन्शन वरून देता येते. पण रजा मागायला गेलेल्या बाईला अवघडल्यासारखे होऊ नये, तिची अडचण न सांगता कळावी असे वाटत असेल, तर त्या खुर्चीवर तिच्यातली कुणीतरी बसायला हवी, हे त्या बायकांनी अनुभवातून ओळखले होते.

2002 मध्ये एम्प्रेस मिल कायमची बंद झाली. तिच्या जागेवर आज मॉल आहे, आणि शहरातली नवी नोकरी मिहान या नव्या उद्योगक्षेत्राकडे वळली आहे. तिथे कामावर घेतलेल्यांत किती जातींची, किती गावांची माणसे आहेत हे जरूर मोजावे. पण त्यांची रजा मंजूर करणारे कोण आहेत, हे त्याआधी पाहावे.