भिंत घालण्यापूर्वी

घर निवडता येते, गाव निवडता येते. शेजारी मात्र निवडता येत नाही. पलीकडच्या घरात कोण राहावयास येईल, हे आपल्या हाती नसते. असे असूनही रात्री-अपरात्री घरात कोणाला बरे वाटेनासे झाले, तर पहिली हाक जाते ती याच माणसाला. म्हणून दोन घरांमधील कुंपणावरून उभा राहिलेला तंटा इतर तंट्यांसारखा नसतो. निकाल लागल्यावर इतर पक्षकार आपापल्या वाटेने निघून जातात. हे दोघे मात्र एकाच गल्लीत परत येतात.

हा तंटा फार जुना आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सीमेच्या वादाचा सविस्तर विचार केलेला आढळतो. सीमा ठरवावयाची ती ज्येष्ठ महिन्यात, म्हणजे खुणा उघड्या दिसतात तेव्हा. सीमेवर वड, पिंपळ, पळस, सावरी अशी झाडे लावावीत. शिवाय जमिनीच्या पोटात दगड, राख, खापऱ्या, कोळसे, वाळू अशा लवकर न कुजणाऱ्या वस्तू पुरून ठेवाव्यात, कारण सीमेविषयी माणसांची चूक नित्य होत असते, असे तेथे सांगितले आहे. खुणांवरून निर्णय होईना, तर साक्षीदारांनी तांबडी वस्त्रे नेसून, डोक्यावर माती घेऊन सीमा सांगावयाची. याज्ञवल्क्यस्मृतीतही सीमाविवादाचे स्वतंत्र प्रकरण आहे. यातील पुष्कळसा विधी आज उरला नाही. परंतु त्यामागील शहाणपण कायम आहे. ते असे की, वाद उत्पन्न होण्यापूर्वीच खूण करून ठेवावी. कोकणातील गडगा आणि देशावरील बांध ही त्याच शहाणपणाची रूपे होत. आणि ‘बांध कोरणे’ हा आपल्या भाषेतील शब्दप्रयोग त्या शहाणपणाला लागलेल्या किडीची आठवण करून देतो.

कोकणातील आमच्या घराच्या दक्षिणेला जांभ्या दगडांचा गडगा होता. एका पावसाळ्यात तो ढासळला. त्या जागी पक्की चिऱ्यांची भिंत घालण्याचे ठरले, तेव्हा माझ्या वडिलांनी दोरी धरली ती पडलेल्या दगडांच्या पलीकडच्या कडेने. शेजारचे काका म्हणाले, दोरी अलीकडच्या कडेने धरली पाहिजे. फरक सव्वा हाताचा. त्या सव्वा हातापायी दोन्ही घरे सात वर्षे एकमेकांशी बोलली नाहीत. त्या अवधीत काकू वारल्या. माझ्या आईची दोन बाळंतपणे त्यांनी काढली होती. त्या दिवशी आई ढासळलेल्या गडग्यापर्यंत गेली आणि तेथेच उभी राहिली. पलीकडे गेली नाही. पुढे एकदाची सरकारी मोजणी झाली. काम एका दुपारचे होते. हद्द निघाली ती वडिलांच्या दोरीवरही नव्हती आणि काकांच्या दोरीवरही नव्हती. ती दोहोंच्या मधून गेली होती. दोघांनीही ती मान्य केली. परंतु आईची ती रुखरुख कोणत्याच मोजणीने भरून आली नाही.

म्हणून पहिली गोष्ट ही की, शेजाऱ्याचा हेतू शोधीत बसण्यापूर्वी हद्द शोधावी. शेतजमिनीचा सातबारा उतारा किंवा शहरातील मालमत्ता पत्रक आपल्यापाशी असते, आणि तेवढ्यावर आपण निर्धास्त राहतो. पण उताऱ्यावरून क्षेत्र कळते, जमिनीचा आकार कळत नाही. आकार नकाशात असतो. महाराष्ट्रात भूमी अभिलेख खात्याकडे रीतसर अर्ज करून व फी भरून मोजणी करून घेता येते. मोजणीपूर्वी लगतच्या धारकांना नोटिसा जातात. पूर्वी साखळीने आणि फळ्यावर होणारे हे काम आता उपग्रहांच्या आधारे चालणाऱ्या यंत्रांनीही होते. परंतु यंत्र कोणतेही असो, त्या वेळी दोन्ही शेजारी जागेवर हजर असणे महत्त्वाचे. ज्याच्या डोळ्यांदेखत खुणा रोविल्या गेल्या, त्याला त्या मान्य करणे सोपे जाते. मोजणी चुकली असे वाटल्यास वरच्या अधिकाऱ्याकडून निमताना मोजणी मागता येते. महाराष्ट्राबाहेरील श्रोत्यांनी खात्याचे नाव आपापल्या राज्याप्रमाणे बदलून घ्यावे. क्रम तोच राहतो.

येथे एक भेद ध्यानात ठेविला पाहिजे. मोजणी हद्द दाखविते. मालकीच्या वादाचा शेवटचा निर्णय दिवाणी न्यायालय करते. शेजाऱ्याचा ताबा पुष्कळ वर्षांचा असेल, तर केवळ नकाशा दाखवून त्याला हटविता येत नाही. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे मालकीच्या आधारे ताबा मागण्यास साधारणतः १२ वर्षांची मर्यादा आहे, आणि ती शेजाऱ्याचा ताबा आपल्या हक्काविरुद्ध झाल्यापासून मोजली जाते. तेव्हा अतिक्रमण दिसले की ‘पाहू पुढे’ असे म्हणून स्वस्थ बसणे हा भिडस्तपणा महागात पडतो.

दुसरी गोष्ट भिंतीच्या जागेची. भिंत केवळ आपली असेल, तर ती सर्वस्वी आपल्या हद्दीत हवी, आणि ‘सर्वस्वी’ या शब्दात पायाही येतो. वर नऊ इंचांची दिसणारी भिंत जमिनीखाली पायात याहून बरीच रुंद असते. हद्दीच्या रेषेला भिंत टेकविली, तर पाया पलीकडच्या घराखाली जातो. भिंत सामायिक करावयाची असेल, तर तिचा मध्य हद्दीवर ठेवून खर्च निम्मा-निम्मा करणे हे सरळ. उंची किती असावी आणि परवानगी कोणाची लागते, हे नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत आधी विचारावे.

तिसरी गोष्ट अशी की, आपल्या जमिनीतही आपला अधिकार अनिर्बंध नसतो. १८८२ चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम पुढे १८९१ मध्ये मुंबई इलाख्यास लागू झाला. त्याप्रमाणे वरच्या अंगाच्या जमिनीवर पडणारे पावसाचे पाणी उताराने स्वाभाविकपणे खाली वाहते, ते खालच्याने वाहू दिले पाहिजे. म्हणजे आपण भिंत घालून ते तुंबवू लागलो, तर तक्रार करण्याचा शेजाऱ्याला हक्क आहे. भिंतीला योग्य जागी मोऱ्या ठेविल्या की ही तक्रार उरत नाही. त्याचप्रमाणे, एखाद्या घराने २० वर्षे उघडपणे, शांतपणे व अखंड हक्काने घेतलेला उजेड-वारा किंवा वापरलेली वाट भिंतीने बंद करता येईलच असे नाही. शेजाऱ्याच्या जमिनीला लगतच्या जमिनीचा नैसर्गिक आधारही असतो. पायासाठी खोल खणताना त्याची माती ढासळू देता येत नाही.

चौथी गोष्ट लेखाची. बोलणे जुळले, की त्याच आठवड्यात ते कागदावर उतरवावे: हद्दीच्या खुणा, भिंतीची लांबी, रुंदी व उंची, खर्चाची वाटणी, दुरुस्तीची जबाबदारी, आणि सोबत दोघांच्या सह्यांचा नकाशा. जमिनीचा तुकडाच एकाकडून दुसऱ्याकडे विकत जात असेल, तर १०० रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीवाचून पुरी होत नाही. ‘आपल्यात कागद कशाला?’ असे पुष्कळ जण म्हणतात. परंतु कागद हा आपल्यासाठी नसून आपल्या मुलांसाठी असतो. बोलणे ज्यांच्यात झाले, ती माणसे राहत नाहीत. भिंत मात्र राहते.

इतके करूनही जुळले नाही, तर? दोघांना मान्य असलेला तिसरा माणूस मध्ये घालावा. १९८७ च्या कायद्यानुसार चालणाऱ्या लोक अदालतीत वाद नेता येतो. तेथे तडजोड झाली, तर तिला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ येते आणि तिच्यावर अपील चालत नाही. शेजारी ऐकेचना आणि भिंत आपल्या जागेत चढू लागली, तर मात्र विलंब न लावता न्यायालयाकडे मनाई हुकूम मागावा. उभी राहिलेली भिंत पाडविण्यापेक्षा चढणारी भिंत थांबविणे सोपे असते. आपण होऊन कुदळ हाती घेणे हा मार्ग नव्हे. त्याने दिवाणी दाव्याची फौजदारी होते, आणि ज्याची बाजू खरी होती, तोच आरोपी ठरतो.

शेवटी एक लहानसा हिशेब सांगतो. हद्द ६० फुटांची आणि वाद नऊ इंचांचा असला, तर प्रश्न ४५ चौरस फुटांचा असतो, म्हणजे एका गुंठ्याच्या सुमारे चोविसाव्या भागाचा. तो भाग सोडून द्या, असे मी म्हणत नाही. आपले ते आपणास मिळालेच पाहिजे. परंतु ते मागण्यासाठी पलीकडच्या अंगणात जाऊन बसावे, चहा घ्यावा आणि नकाशा दोघांच्या मध्ये उघडावा. भिंत घालावयाचीच असेल, तर तिच्यावरून हाक ऐकू जाईल इतकीच ती उंच असावी.