मालगुडी उभे करणारा दिग्दर्शक : शंकर नाग

शंकर नाग यांचा जन्म ९ नोव्हेंबर १९५४ रोजी उत्तर कन्नड जिल्ह्यात, होन्नावर परिसरात झाला. घरची भाषा कोकणी. शिक्षणानंतर ते मुंबईत आले आणि थोरले बंधू अनंत नाग यांच्याप्रमाणेच नाटकात रमले. मराठी रंगभूमीशी त्यांचा संबंध इथे जुळला. अरुंधती राव यांची ओळखही नाटकातलीच. पुढे दोघांचा विवाह झाला. चापेकर बंधूंवरील '२२ जून १८९७' (१९७९) या जयू आणि नचिकेत पटवर्धन यांच्या मराठी चित्रपटाच्या लेखनात शंकर यांचा वाटा होता. बंगळुरूला स्थायिक झाल्यावर 'संकेत' ही नाट्यसंस्था उभी राहिली, तेव्हा जयवंत दळवींची 'बॅरिस्टर' आणि 'संध्याछाया' ही नाटके तिने कन्नडमध्ये आणली.

गिरीश कर्नाड यांच्या 'ओंदानोंदु कालदल्ली' (१९७८) या चित्रपटाने त्यांना पडद्यावर आणले. भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्यांना त्यातील भूमिकेसाठी अभिनयाचा पुरस्कार मिळाला. 'ऑटो राजा'नंतर (१९८०) ते लोकप्रिय नायक झाले. बंगळुरूच्या रिक्षांवर त्यांचे चित्र आजही दिसते. नायक म्हणून धंदेवाईक चित्रपट करायचे आणि आपल्या मनातले चित्रपट स्वतः दिग्दर्शित करायचे, असा त्यांचा दुहेरी संसार होता. 'मिंचिन ओट' (१९८०) आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा 'ॲक्सिडेंट' (१९८५) हे त्यातले विशेष उल्लेखनीय.

दूरदर्शनसाठी टी. एस. नरसिंहन यांनी आर. के. नारायण यांच्या कथांवर मालिका करायचे ठरवले आणि दिग्दर्शन शंकर नाग यांच्याकडे आले. काम जोखमीचे होते. 'गाईड' चित्रपटात आपल्या कादंबरीचे जे झाले, त्यावर नारायण उघडपणे नाराज होते. शिवाय नारायण यांच्या कथा जिथे घडतात, ते मालगुडी हे काल्पनिक गाव नकाशावर नाही. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या 'स्वामी अँड फ्रेंड्स'पासून ते वाचकांच्या मनातच वसलेले होते.

चित्रीकरणासाठी शिवमोग्गा जिल्ह्यातले आगुंबे निवडण्यात आले. हे पश्चिम घाटातले लहानसे गाव प्रचंड पावसासाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या 'दोड्डमने' या जुन्या लाकडी वाड्यात कथेतल्या शाळकरी स्वामीचे घर थाटले. रेल्वेची दृश्ये अरसाळू स्थानकावर घेतली. कलादिग्दर्शन जॉन देवराज यांनी केले. आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रे आणि एल. वैद्यनाथन यांचे संगीत यांनी प्रत्येक भागाची सुरुवात होई. स्वामीच्या भूमिकेत मास्टर मंजुनाथ, वडील गिरीश कर्नाड, आई वैशाली कासारवळ्ळी. 'द व्हेंडर ऑफ स्वीट्स'मधला मिठाईवाला जगन अनंत नाग यांनी रंगवला.

एकूण ३९ भाग झाले. पहिले १३ हिंदी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत बनले. १९८६ साली आलेल्या या मालिकेने नारायण यांचे कथानक वाढवले नाही, ही तिची सर्वांत मोठी गुणवत्ता. शाळेत छडी खाल्लेला मुलगा, हट्टी म्हातारा, फसलेला व्यापारी अशा माणसांच्या बहुतेक गोष्टी अर्ध्या तासाच्या आत संपत. त्यांत खलनायक नव्हता, ओढूनताणून आणलेला कलाटणीचा प्रसंग नव्हता. मोठ्यांच्या जगाकडे स्वामी जसा बिचकत पाहतो, तसेच कॅमेराही पाहतो. नटांना घाई न करता बोलू देणे, शांततेला भिऊन तिथे संगीत न भरणे, ही रंगभूमीवर मुरलेल्या माणसाची सवय इथे दिसते. कथानकाशी राखलेल्या या इमानामुळे नारायणही समाधानी झाले. पुढच्या काळात मालिका शेकडो भागांपर्यंत ताणल्या जाऊ लागल्या. त्या पार्श्वभूमीवर हा संयम अधिकच मोलाचा वाटतो.

या मालिकेनंतर शंकर नाग यांनी डॉ. राजकुमार यांना घेऊन 'ओंदु मुत्तिन कथे' (१९८७) केला. बंगळुरूत त्यांनी ध्वनिमुद्रणाचा अद्ययावत स्टुडिओ उभारला होता, शहरासाठी मेट्रो रेल्वेची कल्पनाही ते हिरिरीने मांडत असत. ३० सप्टेंबर १९९० रोजी चित्रीकरणासाठी जाताना दावणगेरेजवळ अनगोडू येथे मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. वय अवघे ३५ होते.

या शतकाच्या पहिल्या दशकात कविता लंकेश यांनी मालिकेचे आणखी १५ भाग केले. अरुंधती नाग यांच्या पुढाकाराने २००४ मध्ये बंगळुरूत 'रंग शंकरा' हे नाट्यगृह सुरू झाले, तर अरसाळूच्या जुन्या स्थानकाचे आता मालगुडी संग्रहालय झाले आहे.