विश्लेषण : मोटार मध्येच बंद पडते, गॅरेजमध्ये मात्र सुरळीत चालते; असे का?

इंदापूर तालुक्यातील वरकुटे परिसरातून बारामतीकडे निघालेली मोटार उसाच्या ट्रॉलीला ओलांडतानाच बंद पडली तर काय होईल, हे गाळप हंगामात या रस्त्यांवरून गाडी चालवणाऱ्याला वेगळे सांगायला नको. दहा मिनिटांनी चावी फिरवली की तीच गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते. मेकॅनिककडे नेली तर दिवसभर बंद पडत नाही. मग ‘पेट्रोलमध्ये कचरा आला असेल’ म्हणून फिल्टर बदलला जातो, पुढच्या खेपेला प्लग, त्यानंतर बॅटरी. हजारो रुपये खर्च होतात आणि आठवडाभराने गाडी पुन्हा रस्त्यात उभी राहते.

गाडी बंद कशी पडली?

इंजिनाला हवा, इंधन आणि ठिणगी या तीन गोष्टी लागतात. यातली कोणती तुटली, हे बंद पडण्याच्या पद्धतीवरून बरेचसे ओळखता येते. गाडी आधी झटके खाते, पिकअप सोडते आणि मग बंद पडते, तेव्हा संशय इंधनावर घ्यावा : पंप, फिल्टर किंवा पंपाचा रिले. काही चाहूल न देता, दिवा विझावा तसे इंजिन थांबते, तेव्हा दोष बहुधा विजेचा असतो. अशा वेळी आरपीएमच्या काट्याकडे पाहावे. गाडी अजून पुढे सरकत असताना काटा एकदम शून्यावर आला, तर क्रँकशाफ्टचा सेन्सर तपासण्यासारखा असतो. इंजिन किती फिरले हे संगणकाला कळवणारा हा छोटा भाग. तापल्यावर त्यातील तारेचा संपर्क तुटतो, थंड झाल्यावर पुन्हा जुळतो. ‘अर्धा तास उभी केली की सुरू होते’ या तक्रारीमागे अनेकदा हाच भाग असतो. गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत तो थंड झालेला असतो, म्हणून तिथे काही सापडत नाही.

सिग्नलला किंवा गतिरोधकापाशी वेग कमी केल्यावरच गाडी बंद पडत असेल, तर थ्रॉटल बॉडीतली काजळी किंवा रबरी नळीतून आत शिरणारी हवा पाहावी. खड्ड्यात आदळल्यावर बंद पडत असेल, तर बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थिंगची पट्टी. शेताकडेला किंवा गोठ्याजवळ गाडी लावणाऱ्यांनी बॉनेट उघडून उंदरांनी वायर कुरतडली आहे का, तेही बघावे. ऊस तुटून गेल्यावर उंदीर घराकडे सरकतात आणि गरम इंजिनाची जागा त्यांना मानवते. सीएनजीवरच बंद पडणारी गाडी पेट्रोलवर नीट चालते का, एवढे पाहिले तरी अर्धा तपास होतो.

म्हणूनच वहीत चार नोंदी ठेवणे महागड्या सुट्या भागापेक्षा उपयोगी पडते : इंजिन गरम होते की थंड, वेग किती होता, टाकीत इंधन किती होते आणि पाऊस होता का. २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांतील संगणक दोषाचा कोड साठवतो, बऱ्याचदा त्या क्षणीचा वेग आणि तापमानही. त्यामुळे स्कॅनर लावण्याआधी बॅटरीची तार काढू नये. ती नोंद पुसली जाऊ शकते.

इथेनॉलचा दोष किती?

बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात हा प्रश्न नाजूक आहे. इथल्या उसाशी, कारखान्यांशी इथेनॉलचे अर्थकारण जोडलेले आहे आणि २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल आले तेव्हापासून गाडीच्या प्रत्येक दुखण्याचे खापर त्यावर फुटते. तथ्य थोडे आहे. इथेनॉल पाणी शोषते. पाणी मर्यादेबाहेर गेले तर इथेनॉल आणि पाण्याचा थर पेट्रोलपासून वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो, आणि पंप तळातूनच ओढतो. पावसाळ्यात बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत किंवा जुन्या रबरी नळ्यांत त्रास संभवतो. जुन्या गाड्यांचे मायलेजही घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात अशा चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट गृहीत धरली होती. पण रोज चालणारी गाडी तापल्यावरच बंद पडत असेल, तर इथेनॉलला दोष देऊन सेन्सर सुधारणार नाही.

किरकोळ बिघाड समजावा का?

नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या काही छोट्या गाड्यांत जड किल्लीच्या जुडग्याने किंवा धक्क्याने इग्निशनचा स्विच आपोआप फिरे, इंजिन बंद होई आणि अपघातात एअरबॅगही उघडत नसे. कंपनीत वर्षानुवर्षे याकडे ग्राहकाच्या ‘गैरसोयी’चा मुद्दा म्हणून पाहिले गेले. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. भरपाई निधीने १२४ मृत्यू ग्राह्य धरले.

चालती गाडी बंद पडली की स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकची मदत एक-दोन दाबांपुरतीच उरते. म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा न मारता एकदाच घट्ट दाबावा, गिअर न्यूट्रल करावा, चारही इंडिकेटर लावून डावीकडे यावे. गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी काढू नये, नाहीतर स्टिअरिंग लॉक होते.

खर्च करण्याआधी एक तपासणी

भारतातही अशी उदाहरणे आहेत. मार्च २०२४ मध्ये मारुती सुझुकीने ११,८५१ बलेनो आणि ४,१९० वॅगन-आर इंधन पंपाच्या मोटरमधील दोषाच्या शक्यतेमुळे परत बोलावल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये होंडाने इंधन पंपासाठीच ९० हजारांहून अधिक जुन्या गाड्यांची मोहीम जाहीर केली. पंपातील पाते सदोष असल्याने इंजिन बंद पडू शकते किंवा सुरूच होत नाही, असे कंपनीने म्हटले होते. दोन्ही मोहिमांत पंप मोफत बदलून देण्याची सोय होती. मात्र गाडी हातोहात विकली गेली असेल, तर कंपनीचे पत्र नव्या मालकापर्यंत पोहोचेलच असे नाही. आरसी बुकावरील चॅसिस क्रमांक घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत सेवा केंद्रात विचारले, तर आपली गाडी यादीत आहे का, ते काही मिनिटांत कळते.