ऐन जत्रेत हेडसेट बंद पडला तर?

पावती जपा, दुसरी सोय ठेवा, आपला हक्क ओळखा

बीड जिल्ह्यातील नारायणगड 'धाकटी पंढरी' म्हणून ओळखला जातो. आषाढी एकादशीला गडावर भाविकांची रीघ लागते, आणि माणसे जमतात तिथे बाजारही उभा राहतो. खेळणी, बांगड्या, रेवड्या, पाळणे हे कोणत्याही जत्रेतले जुने धंदे. अलीकडे मेळ्यांतून व प्रदर्शनांतून त्यांच्या जोडीला एक नवा धंदा दिसू लागला आहे. तो म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटी हेडसेट. डोळ्यांवर बांधायचा हा एक जाड चष्माच. आत दोन भिंगे आणि त्यांच्यामागे छोटा पडदा असतो. गिऱ्हाईक स्टुलावर बसते आणि आपण डोंगरकड्यावरून खाली झेपावतो आहोत असे त्याला वाटते. जागा थोडी लागते, माल भरावा लागत नाही. म्हणून हातावर पोट असलेल्या तरुणांना हा धंदा खुणावतो.

धोका एकच, पण मोठा. सगळी कमाई एका यंत्रावर टांगलेली असते. समजा हेडसेट ४० हजार रुपयांना घेतला आणि माणशी ५० रुपये आकारले, तर नुसती किंमत वसूल व्हायला ८०० गिऱ्हाइके लागतात. तीनशेव्या गिऱ्हाइकाला पडदा काळा झाला तर २५ हजार रुपये अंगावर राहतात. पैसे कर्जाऊ घेतले असतील तर हप्ता काही थांबत नाही. म्हणून अशा वेळी काय करावे, याचा विचार आम्ही येथे क्रमाने करीत आहोत.

आधी तपासा, मग बिघडला म्हणा

पडदा काळा झाला की घाबरून यंत्र उघडू नये. चालू-बंद करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे व सोडून पुन्हा सुरू करावे. दुसरी वायर आणि दुसरा चार्जर लावून अर्धा तास थांबावे. पुष्कळदा दोष वायरचा असतो. अनेक हेडसेटमध्ये दोन्ही भिंगांच्या मधोमध चेहरा ओळखणारी एक बारीक खिडकी असते. ती घामाने वा धुळीने माखली तर पडदा नीट वागत नाही. कोरड्या मऊ कापडाने ती पुसावी. चित्र हलत किंवा भरकटत असेल तर बाहेरचे कॅमेरे पुसावेत आणि उजेड पाहावा. अंधारात किंवा लुकलुकत्या रोषणाईत यंत्राला आपली जागा कळत नाही. सगळी माहिती पुसून यंत्र नव्याने सुरू करण्याचा उपाय मात्र अगदी शेवटी करावा.

कधी कधी यंत्र धडधाकट असते आणि दोष कंपनीकडे असतो. ७ मार्च २०१८ रोजी जगभरातील ऑक्युलस रिफ्ट हेडसेट एकाएकी बंद पडले. कंपनीच्या प्रणालीतील एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती, एवढेच कारण. कंपनीने सुधारणा पाठवल्यावर ते पुन्हा चालू झाले. अशा वेळी घाईने खोलून बसलेल्याने चांगले यंत्र आपल्याच हाताने बिघडवले असते. म्हणून त्याच बनावटीचे यंत्र असलेल्या दुसऱ्या कोणाला तरी फोन करून आधी विचारावे.

ऊन, जनरेटर आणि बॅटरी

मोकळ्या मैदानावर या यंत्राचा खरा शत्रू ऊन आहे. भिंगांवर थेट सूर्यप्रकाश पडला तर भिंगाने कागद जाळावा तसा आतला पडदा भाजतो. त्यावर पडलेला डाग जात नाही आणि असे नुकसान सहसा हमीत बसत नाही. गिऱ्हाईक उठताच हेडसेट पालथा न ठेवता भिंगांवर झाकण घालून डब्यात ठेवावा. जनरेटरची वीज कमी-जास्त होते. तिच्यावर थेट चार्जिंग करण्यापेक्षा चांगल्या पॉवर बँकेवर करावे. बॅटरी फुगली, वास आला किंवा कवच हाताला चटका देऊ लागले, तर यंत्र तत्काळ बंद करून माणसांपासून दूर ठेवावे. ते पुन्हा चार्जिंगला लावू नये आणि बॅटरीला टोचू नये.

गिऱ्हाइकाचे पैसे

खेळ अर्ध्यात थांबला तर पैसे न मागता परत द्यावेत. रांगेत पैसे भरून उभे असलेल्यांनाही द्यावेत. जत्रेत एका स्टॉलवर झालेली कटकट दहा स्टॉलांपर्यंत पोचते. त्या दिवशीचा गल्ला वाचवण्यासाठी साध्या मोबाइलवर चालणारा पुठ्ठ्याचा किंवा प्लॅस्टिकचा स्वस्त चष्मा जवळ असावा. त्याची मजा कमी, म्हणून त्याचा दरही कमी ठेवावा आणि तसे आधीच सांगावे.

काय स्वतः दुरुस्त करावे

बीड एके काळी चामड्याच्या छागलींसाठी, म्हणजे पाण्याच्या पिशव्यांसाठी, नावाजलेले होते. असे हात असलेल्या भागात हेडसेटचा तुटलेला पट्टा किंवा चेहऱ्याला टेकणारी घामट गादी बदलायला शहरात जाण्याचे कारण नाही. गाड्यांची सीट शिवणारा कारागीर रेक्झिन व फोममध्ये ती शिवून देऊ शकतो. कारागिरांनीही हे काम ओळखून ठेवावे. पण पडदा, भिंग व बॅटरी यांना मुदतीच्या आत बाहेरच्या माणसाचा हात लागला, तर कंपनी हमी नाकारू शकते.

हमीचे मूळ खरेदीत असते. अनेक कंपन्यांची हमी माल ज्या देशात अधिकृतपणे विकला त्याच देशापुरती असते. परदेशातून कोणी आणून दिलेला हेडसेट थोडा स्वस्त पडतो, पण बिघडल्यावर दाद मागायला दार उरत नाही. पावती, खोका, यंत्राचा क्रमांक आणि बिघाडाचा व्हिडिओ, या चार गोष्टी सांभाळाव्यात.

कायदा काय म्हणतो

विक्रेता अनेकदा म्हणतो, 'तुम्ही धंद्यासाठी घेतले, म्हणजे तुम्ही ग्राहक नाही.' हे अर्धेच खरे आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू वगळली आहे. परंतु स्वयंरोजगारातून केवळ आपल्या उपजीविकेसाठी वस्तू घेणारा ग्राहकच मानला जातो.

याचा महाराष्ट्रातील महत्त्वाचा दाखला १९९५ चा आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या कारखान्याने घेतलेल्या यंत्राचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. आपली उपजीविका करण्यासाठी यंत्र घेऊन ते स्वतः चालवणारा ग्राहक ठरतो आणि एक-दोन मदतनीस ठेवले म्हणून त्याचा हक्क जात नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. कारखान्याचे यंत्र मात्र या व्याख्येत बसले नाही आणि तो दावा हरला. यातून घेण्याचा धडा असा, की एकच हेडसेट स्वतः चालवणाऱ्याची बाजू भक्कम असते, आणि दहा हेडसेट नोकरांकडून चालवणाऱ्याची कमकुवत. मोठा व्यवहार असेल तर हमीच्या अटी आधीच लेखी करून घ्याव्यात.

तक्रारीसाठी प्रथम विक्रेत्याला लेखी कळवावे, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करावी. तेथे निकाल न लागल्यास दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. विक्रेता मुंबई-दिल्लीचा असला तरी आपण राहतो वा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा नव्या कायद्याने दिली आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. म्हणजे नारायणगडच्या परिसरातील धंदेवाल्याला बीडपलीकडे खेटे घालण्याची गरज नाही.

नव्या धंद्याला आमचा विरोध नाही. मात्र जे यंत्र घ्याल त्याच्या किमतीत दुसऱ्या वायरीचे, स्वस्त जोडचष्म्याचे आणि महिनाभराच्या हप्त्याचे पैसे धरूनच हिशेब मांडा. तो हिशेब जमत नसेल, तर या वर्षी खेळण्यांचेच दुकान लावलेले बरे.