गंज आपल्यालाही लागतो!

फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीतला करोजनचा चॅप्टर आपण सगळ्यांनीच घोकलाय. लोखंड, ऑक्सिजन, पाणी, की झाला गंज. लिहा उत्तर, घ्या मार्क. पण हाच प्रकार आपल्या शरीरात, अगदी डीएनएपर्यंत चालतो आणि त्याचा कॅन्सरशी संबंध आहे, हे पुस्तकात कुठे नव्हतं. मी मेकॅनिकलवाला, बायोलॉजी बारावीतच सोडलेली. तरीही या विषयाने मला धरून ठेवलं, कारण हा शेवटी मेंटेनन्सचाच विषय आहे. कसा ते बघा.

आपण श्वासावाटे घेतलेला ऑक्सिजन पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या पॉवर हाऊसमध्ये वापरला जातो. कुठलंही इंजिन शंभर टक्के एफिशियंट नसतं, तसंच हेही नाही. थोडी गळती होते आणि अर्धवट ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड तयार होतं, त्याचं पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड. इथवर ठीक. पण त्याला लोह भेटलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल जन्माला येतो. केमिकलवाल्यांनी ओळखलं असेल, ही फेंटन रिअॅक्शन! १८९४ साली हेन्री फेंटनने वर्णन केलेली, आणि कारखान्यांचं सांडपाणी साफ करायला आजही वापरतात ती. हा रॅडिकल क्षणभरच जगतो, पण जिथे जन्मतो तिथे समोर येईल त्याला चावतो.

समोर डीएनए असेल तर? डीएनएची अक्षरं चार: ए, टी, जी आणि सी. ए ची जोडी टी शी, जी ची सी शी. यातलं जी सगळ्यात लवकर 'गंजतं'. गंजलेल्या जी ला ८-ऑक्सोग्वानिन म्हणतात. त्याची खोड अशी की ते सी ऐवजी ए शीही जोडी जमवतं. पेशीचं विभाजन होताना कॉपी निघते, तेव्हा सी च्या जागी ए बसतो. पुढच्या कॉपीत त्या ए समोर टी येतो. झालं! मूळचा जी गेला, टी आला. दुसऱ्याचं जर्नल उतरवताना मूळ वहीवर डाग असेल आणि आपण तिथे काहीतरी ठोकून दिलं, तर आपल्या वहीवरून उतरवणाऱ्याला डाग दिसतच नाही. त्याच्या दृष्टीने तेच बरोबर! पेशीतही कायमची चूक होते ती अशीच.

आता तुम्ही म्हणाल, मग आपण सगळे अजून धडधाकट कसे? तर क्वालिटी कंट्रोलमुळे. आपल्याकडे चक्क तीन इन्स्पेक्टर आहेत. एमटीएच१ स्टोअरमध्येच गंजलेला कच्चा माल बाद करतो. ओजीजी१ डीएनएत बसलेलं गंजलेलं जी शोधून कापतो. त्याच्याही हातून सुटलं आणि समोर चुकीचा ए बसलाच, तर एमयूटीवायएच तो ए उपटून काढतो. या प्रकारच्या दुरुस्तीचा पाया शोधणारे टोमास लिंडाल यांना २०१५ चं केमिस्ट्रीचं नोबेल विभागून मिळालं.

हे नुसतं थिअरीत नाही. २००२ साली ब्रिटनमधल्या एका कुटुंबातल्या भावंडांच्या आतड्यातल्या गाठी तपासल्या, तर एपीसी नावाच्या जीनमध्ये बहुतेक ठिकाणी जी चा टी झालेला. कारण? आई आणि वडील, दोघांकडूनही एमयूटीवायएचची बिघडलेली प्रत आलेली. तिसरा इन्स्पेक्टर कायमचा रजेवर! एपीसी हा पेशीवाढीचा ब्रेक आहे. तो तुटला की गाठी, आणि त्यातून पुढे कॅन्सर.

अर्थात एका चुकीने कॅन्सर होत नाही. तीन अब्ज अक्षरांत बऱ्याच चुका निरुपद्रवी जागी पडतात. ब्रेक तुटावे लागतात, अॅक्सिलरेटर अडकावा लागतो, तोही एकाच पेशीच्या वंशात. त्याला वर्षं लागतात. पण आपण रोज गंज वाढवत राहिलो तर इन्स्पेक्टर तरी किती पुरे पडणार?

इथे गेटबाहेरच्या टपरीकडे वळावंच लागतं. सुपारीतल्या पॉलिफेनॉल्सना चुना भेटला की मिश्रण अल्कलाइन होतं, आणि त्यात सुपरऑक्साइड आणि पेरॉक्साइड तयार होतात. म्हणजे मावा, खर्रा गालात धरणं म्हणजे तोंडातच रिअॅक्टर चालवणं. वर सतत घासून सूज येते, सुजेच्या जागी पांढऱ्या पेशी धावतात आणि त्याही हेच रॅडिकल सोडतात. तंबाखूत आणखी वेगळी विषं आहेत, जी दुसऱ्या वाटेने डीएनए बिघडवतात. 'मी तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो' म्हणणाऱ्यांसाठी: तंबाखूविना सुपारीही कॅन्सरकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्येच छापलंय. आमच्या विंगमधल्या एका मित्राच्या तोंडात आता अख्खी पाणीपुरी जात नाही. डेंटलच्या डॉक्टरांनी सबम्यूकस फायब्रोसिस सांगितलंय. वय एकवीस.

मग अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या खाऊ का? जिमवाल्यांचा हा आवडता प्रश्न. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. १९९४ मध्ये निकाल आला: बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त! अमेरिकेतला तसाच एक प्रयोग १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावा लागला. एक कारण असं दिसतं की कॅन्सरच्या पेशीलाही गंजाचा त्रास होतो. गोळी तिलाही वाचवते. रेडिएशनचा उपचारसुद्धा हेच हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार करून गाठ मारतो. तेव्हा ऑक्सिडेशन हा सरसकट व्हिलन नाही, प्रश्न किती आणि कुठे याचा आहे. सुदैवाने मेसची पालेभाजी आणि फळं यांच्या बाबतीत अशी भीती नाही.

थोडक्यात, रंग मारण्यापेक्षा पाणी गळणारा पाइप आधी बंद करावा. जाता जाता एक टेस्ट: स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील, तिखट झोंबत असेल किंवा दोन आठवड्यांत न भरणारा फोड असेल, तर सबमिशन संपायची वाट न बघता डेंटल ओपीडी गाठा. आणि सोडायचंच ठरवलं असेल तर १८००-११२-३५६ ही सरकारी हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो. आपले इन्स्पेक्टर बिनपगारी ओव्हरटाइम करतायत, त्यांना थोडी उसंत द्या, एवढंच मागणं!