खिळ्यांवाचून उभे राहिलेले घर

इंग्लंडच्या केंट परगण्यात चिडिंगस्टोन गावाजवळ ‘बे-लीफ’ नावाचे एक शेतघर होते. पाणीपुरवठ्यासाठी तेथे बाव बीच जलाशय करण्याचे ठरले आणि हे घर बुडीत क्षेत्रात सापडले. त्याचा सर्वांत जुना भाग पंधराव्या शतकाच्या आरंभीचा. दगडचुन्याचे असते, तर ते वाचवणे महाकठीण झाले असते. पण १९६८-६९ मध्ये ते उकलले गेले आणि १९७२ पर्यंत ससेक्समधील सिंगल्टन येथील खुल्या संग्रहालयात पुन्हा उभे राहिले.

हे कसे जमले? अशा घराचा भार भिंती पेलत नाहीत. त्या आपल्या कोकणातल्या कुडासारख्या, काठ्या विणून वर माती लिंपलेल्या. भार पेलतो ओकच्या लाकडाचा सांगाडा. त्याचे सांधे पाहा. तुळईचे टोक तासून जीभ काढायची, खांबात तिच्या मापाची खाच पाडायची, आणि दोहोंतून आरपार लाकडी खुंटी ठोकायची.

खरी गंमत खुंटीच्या भोकात आहे. जिभेतले भोक खांबातल्या भोकाशी तंतोतंत जुळवीत नसत. गिरमिटाने ते जिभेच्या मुळाकडे किंचित सरकवून पाडीत. निमुळती खुंटी आत जाताना थोडी वाकते आणि जिभेला खाचेत खेचून घेते. ओक ओला असतानाच घडवीत, कारण वाळल्यावर तो फार कठीण होतो. मात्र वाळताना लाकूड आडवे आटते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून सांधा सैल पडण्याची भीती असते. वाकलेली खुंटी स्प्रिंगप्रमाणे ओढ कायम ठेवते. लोखंडी खिळ्याला हे साधले नसते. शिवाय ओकमधील आम्लाने तो गंजतो.

सुतार असा सांगाडा आधी जमिनीवर जुळवून पाहत, प्रत्येक सांध्यावर पटाशीने रोमन अंक कोरीत (सरळ रेघा कोरायला सोप्या!), मग सुटा करून जागेवर उभारीत. म्हणजे सुटे होणे त्याच्या घडणीतच होते.

घराचा मधला दिवाणखाना छपरापर्यंत मोकळा. जमिनीवर उघडी चूल, धुराडे नाही. धूर छपरातून वाट काढी. खिडक्यांना काच नव्हती, लाकडी गज आणि झडपा होत्या.

लाकडातील वार्षिक वलयांवरून दिवाणखान्याचा काळ १४०५ ते १४३० आणि एका टोकाच्या दुमजली भागाचा १५०५ ते १५१० ठरतो. दोन पिढ्यांच्या नव्हे, तब्बल पाऊणशे ते शंभरेक वर्षांच्या अंतराने केलेले हे काम एकाच छपराखाली बेमालूम जुळले आहे.