शरदाची फुलं, जेवणाच्या टेबलावर

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादरच्या फुलबाजारात आणि पुण्याच्या मार्केट यार्डात झेंडूचे ढीग लागतात. ही फुलं किलोवर जातात, तीही देठाशिवाय, कारण ती ओवायची असतात हारात आणि तोरणात. शरदातलं फूल आपल्याकडे देवाला आणि दाराला मिळतं; जेवणाच्या टेबलासाठी मात्र आपण वर्षभर सारखीच दिसणारी लिली, कार्नेशन आणतो. मला ही वाटणी पटत नाही. मूळ मेक्सिकोच्या या झेंडूला तिकडे १ आणि २ नोव्हेंबरला पूर्वजांसाठी अन्न मांडलेल्या मेजावरच मान असतो.

मांडणीला दांडा लागतो. ॲस्टर दांड्यासह जुडीनेच मिळतं, जांभळं आणि गुलाबी. शेवंतीची जुडी फुलवाल्याला आधी सांगून ठेवावी. शेवंती या दिवसांत बहरते ते उगीच नाही. रात्र पुरेशी लांबली की तिला कळी धरते; म्हणून पॉलीहाऊसमधले शेतकरी रात्री दिवे लावून तिचा बहर हवा तितका लांबवतात. झाडं दिवस-रात्रीची लांबी मोजतात, हे गार्नर आणि ॲलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये दाखवून दिलं. पिकलेल्या केळ्या-सफरचंदांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कार्नेशन लवकर मान टाकतं, शेवंतीच्या फुलाला मात्र त्याचं फारसं काही वाटत नाही. दिवाळीत शेजारी फळांची परडी असली तरी ती टिकते. टेबलासाठी एकच फूल निवडायचं झालं तर मी शेवंतीच घेईन.

फूल कोमेजतं ते बहुतेक वेळा तहानेने. भांड्यात पाणी असतं, पण ते वर चढत नाही. देठातल्या बारीक नळ्यांत कापताना हवा शिरते, नंतर पाण्यातले जंतू त्या बुजवतात. म्हणून देठ बादलीतल्या पाण्यात बुडवून, धारदार सुरीने तिरके कापावेत. तिरका देठ भांड्याच्या तळाशी चपटा बसत नाही. पाण्याखाली जाणारं प्रत्येक पान काढावं. झेंडूच्या बाबतीत तर हे कटाक्षाने करावं, त्याचा पाला पाण्यात लगेच कुजून वास मारतो. पाण्यात साखर घाला असं सांगितलं जातं, पण नुसत्या साखरेने जंतूंचंच पोषण होतं. त्यापेक्षा एक दिवसाआड पाणी बदलावं आणि देठाचं टोक थोडं छाटावं.

भांडं पसरट घ्यावं. माळ्यावर पडलेलं छोटं पितळी घंगाळ याला फार शोभतं. फुलं उभी राहावीत म्हणून तळाशी पिनहोल्डर ठेवावा किंवा आंब्याच्या बारीक काटक्या एकमेकींत अडकवाव्यात. हिरवा फ्लोरल फोम टाळलेला बरा. ते प्लास्टिकच आहे, चुरा होऊन मातीत जातं आणि कुजत नाही. उंचीचा अंदाज सोपा आहे: कोपर टेबलावर टेकवून हात उभा धरावा आणि मनगटाच्या वर काही जाऊ देऊ नये. समोर बसलेल्या आत्याचा चेहरा दिसला पाहिजे.

आधी आंब्याची डहाळी आणि भाताच्या लोंब्या लावाव्यात. कोकणात दसऱ्याला दारावर ‘नवं’ बांधतात, त्यातलीच ही जोडी. मग शेवंती गटागटाने, कमीजास्त उंचीवर. पिवळ्या-शेंदरी रंगात जांभळ्या ॲस्टरच्या दोन-तीन काड्या पुरतात. कडेने बांधावरच्या कुर्डूचे गुलाबी तुरे झुकू द्यावेत. तेरडा मोहात पाडतो, पण तेरड्याचा रंग तीन दिवस, आणि भांड्यात तर तेवढेही नाहीत. कासच्या पठारावरची सोनकी कितीही मोहक वाटली तरी खुडू नये, ती तिथेच पाहावी. निशिगंधही जेवणाच्या टेबलावर नको. संध्याकाळी त्याचा वास इतका दाटतो की वरणाची फोडणी कळत नाही. त्याला दिवाणखान्यात जागा द्यावी.

आठवड्याने ॲस्टर सुकलं की ते काढून टाकावं. शेवंतीचे देठ आखूड कापून ती वाटीत ठेवली तर आणखी काही दिवस जातात. कुर्डूचे तुरे बाजूला काढून, जुडी बांधून सावलीत उलटे टांगावेत. वाळल्यावर ते बिनपाण्याच्या गडव्यात महिनोन्‌महिने राहतात.